पूजेची पिशवी

हार्मोनियमची एक पट्टी दाबली की खालीच राहत होती. ती तात्पुरती बांधायला काहीतरी मिळेल म्हणून भगवानने खुंटीवरच्या पँटच्या खिशात हात घातला, आणि हाताला जाड पिवळा रबरबँड लागला.

तो रबरबँडकडे बघत राहिला.

"सापडलं का काही?" आतून जयमालाने विचारलं. उद्या सानपाड्याच्या बुद्धविहारात कार्यक्रम होता, भगवान पेटीवर बसणार होता आणि ती त्याच्या पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री करत होती.

"सापडलं," भगवान म्हणाला. त्याचा आवाज पेटीच्या त्या पट्टीसारखा खालीच राहिला.

आज खंडेनवमी. सकाळी पावणे गावच्या केमिकल कंपनीत यंत्रांची पूजा झाली. भगवान तिथे मेन्टेनन्सला. त्याचा पूजेवर विश्वास नव्हता, पण पूजा निर्विघ्न पार पाडायची जबाबदारी दर वर्षी त्याच्यावरच असे. कारण विघ्न छताला टांगलेलं होतं. वायुगळतीचा अलार्म. कुठे काही गळो न गळो, तो ट्रकच्या धुराने वाजे, रंगाच्या वासाने वाजे, आणि धूप पेटवला की आरतीच्या वर सूर लावी. कामगार त्याला रडूबाई म्हणत. म्हणून पूजेआधी भगवान शिडी लावून रडूबाईच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी चढवी, रबरबँड लावी, आणि आरती झाली की काढी.

काढली होती का?

त्याने डोळे मिटले. शिडीवर चढून पिशवी काढणारा भगवान त्याला स्पष्ट दिसला. जरा बरं वाटलं. मग लक्षात आलं, त्या भगवानच्या अंगात निळा शर्ट आहे. निळा शर्ट गेल्या वर्षीच फाटला होता.

आणि हा रबरबँड? पिशवीवरून काढून खिशात टाकलेला, की जादा म्हणून नेलेला?

"मी येताना हातात पिशवी होती का गं?"

"होती की. पेढ्यांची."

"ती नाही."

"पिशवीचं काय एवढं टेन्शन?" जयमाला म्हणाली. "घरात ढिगाने पडल्यात."

भगवानने मैत्रीला फोन लावला. त्यांची मुलगी त्याच कंपनीच्या लॅबमध्ये होती, आज दुसऱ्या पाळीला. रिंग वाजत राहिली. आत मोबाइल न्यायला बंदी होती. तिचा फोन लॉकरमध्ये असणार, हे त्याला माहीत होतं. तरी त्याने दोनदा लावला.

मग धनेशला लावला. धनेश पावणे गावातलाच, त्याच पाळीचा सुपरवायझर. त्याला फोनची परवानगी होती.

"बोला दादा. पेढं मस्त होतं."

"धनेश, तिकडे सगळं ठीक आहे ना?"

"एकदम शांत हाय. लय वर्सांनी असी शांती बगतो. रडूबाई सकालपासून एकदापन वाजली नाय. यंदाच्या भटजीला मानला."

भगवान खाली बसला. पेटीचा भाता त्याच्या कोपराखाली दबला आणि एक लांब सूर निघाला.

"काय वाजवतावं का?"

"धनेश, वर बघ. तिच्या तोंडावर पिशवी आहे का?"

मशीनच्या घरघरीत धनेशची पावलं ऐकू आली.

"हाय की. चांगली फिट बसलीय."

"काढ ती. आत्ताच्या आत्ता."

"असू दे ना दादा. पाली संपली की काढतो. आधीच लॅबवाल्या पोरींची डोकी दुकतान. तुमची मैत्री तं मगासपासून टेबलावं डोकं टेकून बसलीय. तेच्यात ही बोंबलली तं अजून दुकंल."

भगवानच्या हातातला रबरबँड तुटला.

"तिला उलटी होतेय का?"

"एकदा झाली. नवरातीचा उपास असंल."

"आमच्यात नवरात्र नसतं, धनेश."

"आँ?" धनेश म्हणाला. मग म्हणाला, "हां. ते बी खरंच हाय."

"शिडी लाव. पिशवी काढ. मी फोनवर आहे."

लोखंडी शिडी फरशीवर घासली. धनेशची पावलं एकेक पायरी चढली. तो धापा टाकत होता. शिडी तशी फार उंच नव्हती. प्लास्टिक चुरचुरलं.

आणि रडूबाईने सूर लावला.

तो फोनमधून खोलीभर पसरला. इस्त्री थांबली.

"वाजतेय दादा," धनेश ओरडला. "चालू हाय. तुमच्या मसीनला काय नाय झालं."

"धनेश, सकाळचा धूप केव्हाच विझला. ही खरी वाजतेय. मैत्रीला बाहेर काढ. सगळ्यांना काढ. दारं उघड."

"काय?"

"बाहेर काढ सगळ्यांना."

"ऐकू नाय येत, हिच्या रडन्यात. पन चालू हाय, तुमी टेन्शन घेऊ नका. बिनधास जेवा."

फोन बंद झाला. भगवानने पुन्हा लावला. रिंग वाजत होती. शंभर वेळा खोटं वाजून आज खरं वाजणाऱ्या रडूबाईच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला फोनची रिंग ऐकू येणार नव्हती.

जयमाला दारात आली होती. हातात अर्धा इस्त्री झालेला सदरा.

"ती तर कशानेही वाजते. मग मैत्रीला बाहेर कशाला काढायचं?"

फोन कानाला तसाच धरून, एका पायात चप्पल घालून भगवान जिना उतरायला लागला होता. दुसऱ्या मजल्यावर पोचला तेव्हा मागून जयमाला धावत आली. तिने त्याची दुसरी चप्पल आणली होती. ती स्वतः अनवाणी होती.