काकूंच्या पायरीवरून

नवा रस्ता खाडीपर्यंत न्यायचा, तर वस्तीतलं एक घर पाडावं लागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुठलं, ते ठरायचं होतं. म्हणून नगरपालिकेची मारेन व्हीआरचा चष्मा घेऊन वस्तीच्या सभागृहात आली. डोळ्यांवर चढवला की अख्खी वस्ती समोर उभी!

"सगळ्यांना तुमच्याच पायरीवर उभं करणार आहे, बोर्गहिल्डकाकू," मारेन म्हणाली. "तिथून दिसते तशी खाडी दुसरीकडून कुठून दिसत नाही."

"साठ वर्षं तेच तर सांगतेय मी!" काकू खुलल्या, आणि तपकिरी चीज घातलेली वॉफल्स रांगेतल्या प्रत्येकाला आग्रहाने वाढत सुटल्या.

"फॉर्म कुठाय?" म्हाताऱ्या आयविंडने विचारलं.

"फॉर्म-बिर्म काही नाही, आजोबा. तुम्हाला काय हवंय ते चष्म्यालाच कळतं."

एकेक जण काकूंच्या दाराकडे पाठ करून त्या पायरीवर उभा राहिला. खाडी, होड्या, उतारावरचं आपापलं घर बघून हरखला. "काय जागा आहे हो काकू तुमची!" जो तो म्हणाला. शेवटी काकूंनीही चष्मा लावला आणि शेजाऱ्यांची घरं डोळे भरून पाहून घेतली. बिचाऱ्यांपैकी कुणाचं जाणार, कोण जाणे.

पंधरवड्याने काकूंच्या नावाने पत्र आलं.

 

"चष्म्याने टिपलेल्या नजरांनुसार, एकाही रहिवाशाने ज्याच्याकडे पाहिलं नाही असं वस्तीत एकच घर आहे. आपलं."