जास्तीचा कप

ट्रे परत आला तेव्हा त्यात दोन कप भरलेले होते. उरायला हवा होता एकच.

ट्रे फिरवून आणणारे घड्याळकाका तिच्याकडे वाकले. उपासना जरा लांबली की ते मनगट कानाला लावून बघायचे, म्हणून मंडळीतली पोरं त्यांना घड्याळकाका म्हणत. "सूनबाई, कोण राहिलं?" ते कुजबुजले. "सगळे तर दिसताहेत."

कप भरायचं काम तिचंच होतं. ती दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. अंगठ्याएवढे काचेचे कप न सांडता भरावेत तर तिनंच, असं लग्नानंतरच्या पहिल्याच प्रभुभोजनाला, येशूच्या आठवणीत भाकर नि द्राक्षरस घ्यायच्या विधीला, ठरून गेलं होतं. सकाळी ती नेहमीसारखी टेबलाशी उभी राहिली. पहिल्या बाकापासून एकेक घर आठवत, माणसागणिक द्राक्षरस ओतत गेली. आपलं घर आल्यावर सासऱ्यांचा कप भरला, नवऱ्याचा भरला, आपला भरला. नवऱ्याला मातीत ठेवून दोन महिने होत आले होते. हात काही थांबला नाही. शेवटी तिनं ट्रेच्या मधोमध असतो तो नर्सबाईंचा कप भरला आणि वर पांढरं कापड टाकलं.

नर्सबाईंच्या कपाची गोष्ट सासऱ्यांनी मघाशीच सांगितली होती. ते मंडळीतले सगळ्यांत जुने पंच. चर्चच्या स्थापनेच्या दिवशी इतिहास सांगायचा मान त्यांचा. मूठभर कुटुंबं एका भाड्याच्या गोदामात उपासनेला जमायची. सगळी एकाच मोठ्या पेल्यातून प्यायची. मग वस्तीत घशाची साथ आली. मंडळीत एक नर्स होती. ती म्हणाली, हा पेला बंद करा, प्रत्येकाला वेगळा कप द्या. पंच म्हणाले, देवाच्या पेल्यातून रोग येत नसतो. बाई रागानं निघून गेली. त्या थंडीत मंडळीतली लेकरं एकामागून एक गेली. त्यानंतर हे छोटे कप आले, आणि त्यातला एक कायमचा बाईंच्या नावाचा झाला. तो कुणी पीत नाही. उपासना संपल्यावर मागच्या झाडाच्या बुंध्याशी ओततात.

सासरे दरवर्षी हे याच शब्दांत सांगत. 'बाई रागानं निघून गेली' इथपर्यंत आले की थांबून घोटभर पाणी पीत. आजही प्यायले.

हे सगळं तिच्या कानांवर पडलं. आत काही गेलं नाही. हल्ली असंच चाललं होतं. बायका घरी येऊन गळ्यात पडून रडत, आणि ती त्यांच्यासाठी पाणी आणायला उठे. भाजीत मीठ घालायचं राहिलंय, हे सासऱ्यांनी ताट सरकवलं की तिला कळे.

इतिहास चालू असतानाच मागचं दार किलकिलं झालं होतं. बाहेर पायरीवर तिचा धाकटा दीर उभा होता. आत का येत नाही, हे मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं. नवऱ्याचा ताप उतरत नव्हता तेव्हा पंच रोज घरी येऊन प्रार्थना करत होते. सासरे म्हणत होते, आणखी एक दिवस बघू. दीर गाडी दाराशी लावून ओरडला होता, "प्रार्थना करा की! पण गाडीत बसून करा!" मग तिच्याकडे वळून म्हणाला होता, "वहिनी, तुम्हाला तरी कळतंय ना?" तिनं सासऱ्यांकडे पाहिलं होतं. गाडी दवाखान्याकडे निघाली ती फार उशिरा. दफनाच्या वेळी दीर सगळ्यांदेखत म्हणाला, "दादा तापानं नाही गेला, तुमच्या 'बघू'नं गेला." त्यावर सासऱ्यांनी त्याला बजावलं होतं, चर्चच्या दारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही.

आता सासरे व्यासपीठावरून उतरून ट्रेपाशी आले.

"हा दुसरा कुणाचा?"

"ह्यांचा, बाबा," ती म्हणाली. "सवयीनं भरला गेला."

मागच्या बाकावर कुणीतरी हुंदका दिला. तिनं वळून पाहिलं नाही.

"असू दे, असू दे," घड्याळकाका घाईघाईनं म्हणाले. "दोन्ही झाडाला घालू. झाडाला काय, एक काय नि दोन काय."

सासऱ्यांनी कडेचा तो कप उचलला. थोडा रस अंगठ्यावर सांडला. ते स्वतःच पिणार, असं तिला वाटलं. पण ते वळले आणि बाकांच्या मधून चालायला लागले. वाटेत कुणी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. दाराशी पोचल्यावर कोपरानं दार ढकललं.

दीर एक पायरी खाली सरकला.

"घे," सासरे म्हणाले. "तुझ्या दादाचा आहे. आत ये."

"तुम्हीच म्हणालात, या दारात पाऊल टाकायचं नाही."

"म्हणालो."

"मग आता?"

सासरे उंबऱ्यावर तसेच उभे राहिले. पाण्याचा पेला तिकडे व्यासपीठावरच राहिला होता.

"त्या बाईंनाही माझ्या वडिलांनी हेच सांगितलं होतं," ते म्हणाले. आवाज इतिहास सांगतानाचाच होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "रागानं निघून गेल्या, हे आम्ही मागाहून जोडलं."