तिसरी रेघ

"थांबा. पाच मिनिटं," म्हणत तेजश्री जेसीबीच्या आडवी उभी राहिली.

दोन खड्डे रिकामे गेले होते. चकलांब्याजवळच्या त्या वस्तीला नऊ दिवस नळाचं पाणी नव्हतं. तीस वर्षांपूर्वी पुरलेला व्हॉल्व्ह अडकला होता, आणि नव्या रस्त्याखाली तो नेमका कुठं आहे हे कुणालाच सांगता येत नव्हतं. सरपंच सुरेखाताईंनी बजावलं होतं, आता एकच खड्डा.

व्हॉल्व्ह बसवला तेव्हा वस्तीतले त्रिंबकनाना आणि सुंदरतात्या देवळाच्या ओट्यावरून बघत होते. नानांना तो चिंचेच्या रेषेत दिसला होता, तात्यांना विजेच्या खांबाच्या. दोन रेघा मिळतील तिथं व्हॉल्व्ह. बीडच्या कॉलेजात गणित शिकवणाऱ्या तेजश्रीने टेपनं मापं घेऊन दोन समीकरणं लॅपटॉपला दिली होती. त्यानं दाखवलेला बिंदू म्हणजेच तो दुसरा रिकामा खड्डा. वस्ती तिच्याकडे बघून गालात हसत होती.

आता तिनं नानांची रेघ वीतभर सरकवून पुन्हा सोडवलं. उत्तर तीस फूट पळालं. तात्यांची सरकवली, तर तीस फूट उलटीकडे. लॅपटॉप चुकत नव्हता. रेघाच जवळजवळ एका दिशेनं धावत होत्या.

"तुम्ही दोघं शेजारी शेजारीच बसला होता ना?"

"मंग? एकाच चंचीतलं पान खात हुतो," तात्या म्हणाले.

"म्हणजे तुमच्या दोन साक्षी मिळून जेमतेम एक झाली. मला आडव्या बाजूनं बघितलेलं माणूस पाहिजे."

लोक एकमेकांकडे बघू लागले. चहाची किटली घेऊन फिरणाऱ्या भिवराबाई थांबल्या.

"मी बघितलंय की. पलीकडच्या गिरणीच्या दारातनं. समोरच्या हिरीच्या अगदी रेषेत हुता."

तेजश्री टेप घेऊन गिरणीकडे पळालीच. तिसरी रेघ पहिल्या दोन्हींना आडवी कापत गेली. तिन्ही मिळून कमीत कमी चूक येईल असा बिंदू तिनं काढला. मग खात्रीसाठी एकेक रेघ वीतभर हलवली. उत्तर वीतभरापलीकडे हललं नाही. तिनं रस्त्यावर चुन्याची फुली मारली.

चार फूट खोलीवर लोखंड खणकलं.

नळाला पाणी आलं तेव्हा वस्तीवर घागरींची रांग लागली. नाना आणि तात्या फुलीची जागा सगळ्यांना अशी दाखवत होते, जणू त्यांनीच ती मारली होती. सुरेखाताई भिवराबाईंजवळ येऊन टेकल्या.

"मावशी, इतके दिस बोलला कावून न्हाईत?"

"कुणी इचारलंच न्हाई."

"पर तवा तुमी गिरणीच्या दारात कावून हुत्या? समदी तर ओट्यावर बसून बघत हुती म्हणं."

भिवराबाईंनी सरपंचबाईंच्या हातात चहाचा कप दिला.

"समदी न्हाई, निस्ते गडी. बायांना ओट्यावर चढू देत न्हवते तवा."