बत्तीस बिटांचा काउंटर

"बत्तीस बिट रग्गड झाले," टीमप्रमुख म्हणाले. "चार अब्जांच्या वर मोजतो हा काउंटर. आणखी किती हवेत तुला?"

"चौसष्ट," टीमची तपासनीस काळजीबाई म्हणाली.

हे नाव तिला टीमने ठेवलं होतं, आणि काही प्रेमाने ठेवलं नव्हतं. टीम ज्या टेबलाभोवती बसली होती त्यावर, तिची मंजुरी मिळाली की उद्या इस्पितळात जाणारा डबा होता. खाटांजवळच्या यंत्रांची डेटा-पॅकेटं त्यातून नर्सच्या पडद्यावर जायची, आणि काउंटर ती मोजायचा. आकडा मागे गेला की डब्याला वाटायचं लाइन मेली. मग तो ती बंदच करून टाकायचा.

"चौसष्ट केले तर या एवढ्याशा प्रोसेसरला दुप्पट काम. आणि इतके महिने चाचणी झाली, एकदा तरी बिघडलं का?"

"बिघडेल कसं, सर? आपण रोज घरी जाताना डबा बंद करतो. सकाळी पुन्हा शून्यापासून. तिथे कोण बंद करणार आहे? दीडेक महिन्यात काउंटर भरेल आणि शून्यावर येईल."

"तेव्हाचं तेव्हा बघू. मंजुरी दे, नाहीतर उद्यापासून दुसरी टीम शोध."

तिला संताप आला. तिने एक ओळ बदलली, काउंटर भरायला जरासाच कमी असेल अशा आकड्यावर आणला आणि डबा सुरू केला.

"हे काय चाललंय?"

"दीड महिना पुढे आलोय, सर. बघा आता."

दुसरा तपासनीस चष्मिश खुर्ची ओढून पुढे सरकला. चाचणीच्या पडद्यावर नाडीची रेघ नीट धावत होती. आकडा काठोकाठ भरला, शून्य झाला. डब्यावरचा हिरवा दिवा विझला. रेघ गेली.

"असं मुद्दाम भरून ठेवलं तर कुठलाही..." प्रमुख म्हणाले.

"मग तुमच्या नावाने द्या मंजुरी. माझं नाव नाही लागणार. काढा मला टीममधून, खुशाल काढा."

तिने कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. मंजुरीच्या चौकटीत कर्सर लुकलुकत होता. प्रमुखांनी कीवर बोटं टेकवली, विझलेल्या दिव्याकडे पाहिलं आणि कीबोर्ड चष्मिशकडे ढकलला.

"माझ्याकडे कशाला?" चष्मिश म्हणाला, आणि त्याने तो शेजारच्याकडे लोटला.

कीबोर्ड टेबलाची फेरी मारून पुन्हा काळजीबाईसमोर आला. तिने तो सरळ केला, मंजुरीची चौकट बंद करून काउंटरची ओळ उघडली आणि बत्तीसच्या जागी टाइप केलं: ६४.