कान कुणी भरले?

घटस्फोटानंतर लेक फक्त रविवारपुरती त्याच्या वाट्याला आली होती. बाकीचे दिवस तो ऑफिसमधून सटकून शाळेसमोरच्या फुटपाथवर उभा राहायचा आणि रस्त्यापलीकडून तिला हात हलवायचा. लेक क्षणभर बघायची, मान खाली घालायची आणि घाईघाईने बसमध्ये चढायची. रविवारी मात्र हीच पोर धावत येऊन गळ्यात पडायची. म्हणजे बाहेर ओळख दाखवायची नाही, हे तिला कुणीतरी पढवलं होतं. कुणी, ते सांगायला ज्योतिषी नको होता.

शेवटी त्याने तिच्या आईला फोन लावलाच. "पोरीचे कान भरायचे बंद कर."

"कान? मी? बरं झालं तूच फोन केलास. शाळेसमोर रोज कुणीतरी माणूस तिला हात करतो. जाम घाबरलीये ती."

"कोण माणूस? दिसतो कसा?"

"नुसता शर्ट दिसतो म्हणते. चेहरा पुसल्यासारखा."

त्याने अंगातल्या शर्टाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "डॉक्टरांनी तिचे डोळे दरवर्षी तपासायला सांगितले होते. तपासून आणतेस ना?"

"मी? मला वाटलं, तू आणतोस."