गढूळ नमुना

तिसऱ्यांदा मोजूनही आकडा तोच आला, तेव्हा मृणाल खुर्चीत बसली. पुराच्या पाण्याचा जुना नमुना तिने आज स्वच्छ पाण्याने पातळ करून कणांचा आकार मोजणाऱ्या लेसरयंत्रात घातला होता. वाळूचे कण तिच्या आधीच्या अहवालातल्यापेक्षा दुप्पट मोठे निघाले. फार गढूळ पाण्यात किरण कणाकणांवर आपटत जातो आणि यंत्राला कण बारीक भासतात. हे ठाऊक असूनही पहिल्या मोजणीच्या दिवशी घाईत तिने नमुना तसाच मोजला होता.

त्या अहवालामुळे जलविद्युत केंद्रात टर्बाइन चालवणारे धाकू झोरे निलंबित झाले. पुरात त्यांनी चिमटीत वाळू चोळून पाहिली आणि पाती झिजतील म्हणून टर्बाइन बंद केलं. पण अहवालात वाळू बारीक, निरुपद्रवी ठरली आणि कारण नसताना वीज थांबवल्याचा ठपका त्यांच्यावर आला.

“आता कशाला उकरून काढता, मॅडम?” प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले. “दोन महिन्यांत ते रिटायर होतील. चूक मात्र तुमच्या नावावर लागेल.”

“माझीच आहे ती,” म्हणत तिने नवा अहवाल त्यांच्या टेबलावर ठेवला.

संध्याकाळी ती धाकूमामांच्या घरी गेली. सगळं उभ्यानेच सांगितलं. त्यांनी आपली बोटं एकमेकांवर चोळून पाहिली.

“घरच्यांनाही वाटाया लागलं होतं, म्हातारा चुकला,” ते म्हणाले. मग त्यांनी आत हाक मारली, “अगं, जरा बाहेर ये. मॅडम काय सांगत्यात ते ऐक.”

पदराला हात पुसत त्यांची बायको दारात आली. मृणालने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.