खालचा टप्पा

सूत गुंडाळायचे पुठ्ठ्याचे तीन रिकामे कोन. डिंकाची बाटली. सेकंदाला अकरा किलोमीटर. टॉवेल कारखान्याची सकाळची पाळी.

कॉलेजच्या प्रदर्शनासाठी शिवराजनं कोन एकावर एक चिकटवून चंद्रावर जाणारं रॉकेट केलं. कोन थोरल्या बहिणीनं, सिद्धेश्वरी अक्कानंच कारखान्यातून आणलेले. पाळीवरून आल्या आल्या सिद्धेश्वरीनं ते उचलून पाहिलं.

"सगळंच पक्कं चिकटवलास व्हय रे? खालचा टप्पा सुटायला पायजे की. इंधन संपल्यावर त्याचं नुसतं ओझं. ते वाहत बसलं तर चंद्राकडं जायचा वेग, सेकंदाला अकरा किलोमीटर, यायचाच न्हाय."

"अक्का, तुला काय कळतंय यातलं? तू तुझी टॉवेलं बघ."

"दोघांतल्या एकालाच शिकवणं झेपलं," आई म्हणाली, "त्याला तरी नीट करू दे की."

प्रदर्शनात शिवराजनं खालचा कोन अलगद सोडवून दाखवला. परीक्षकांनी विचारलं, "हा सुटल्यावर जातो कुठं?"

"पडतो समुद्रात, सर. तिकडं कोण बघतंय?"

सगळे हसले. पहिला नंबर आला. अर्धी पाळी बुडवून आलेल्या सिद्धेश्वरीनं मागं उभं राहून टाळ्या वाजवल्या.



दहावीला विज्ञानात सिद्धेश्वरीला सत्त्याण्णव गुण होते, शिवराजला बावन्न.